देवळापासून वस्तीकडे : जपान पायी पाहताना

जपानला निघालेल्या बहुतेक मंडळींच्या हातात एक यादी असते. फुजी पर्वत, बुलेट ट्रेन, शिबुयाचा चौक, क्योटोचं सोनेरी देऊळ, हिरोशिमा. सात-आठ दिवसांत हे सगळं उरकायचं म्हणजे रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रात्री पाय चेपत झोपायचं. अशा सहलीत फोटो भरपूर मिळतात, पण माणसं कशी राहतात, कुठे खातात, देवापुढे काय मागतात, हे कळायला फुरसतच मिळत नाही.

माझं सांगणं असं की दिवसाला एकच देवस्थान निवडा. सकाळी लवकर तिथे पोहोचा आणि उरलेला दिवस त्याच्या भोवतीच्या वस्तीत पायी घालवा. यामागे कारण आहे. जपानातल्या कितीतरी जुन्या पेठा मोठ्या देवळांच्या दारातच वाढल्या. यात्रेकरूंना लागणारं खाणंपिणं, उदबत्त्या, खेळणी, मुक्कामाची सोय यांतून बाजार उभा राहिला, बाजारामागे घरं आली. आजही आपल्या ग्रामदैवतासारखा तिथल्या जुन्या वस्तीला आपला राखणदार देव असतो. उत्सवात त्याची पालखी, म्हणजे मिकोशी, त्याच वस्तीतले लोक खांद्यावर घेतात आणि देवळातल्या कंदिलांवर तिथल्याच दुकानांची नावं असतात. म्हणून देवळापासून सुरुवात केली की वस्ती आपोआप उलगडत जाते.

जिंजा की तेरा?

आधी एवढा फरक ओळखता आला पाहिजे. शिंतो देवस्थान म्हणजे जिंजा आणि बौद्ध मंदिर म्हणजे तेरा. दोन उभे खांब आणि वर दोन आडव्या तुळया अशी कमान दिसली, तर ती तोरी; आत जिंजा आहे असं समजा. जाड छपराचा दरवाजा, धुपाचं मोठं पात्र, बुद्धाच्या किंवा बोधिसत्त्वांच्या मूर्ती आणि शेजारी दफनभूमी असेल तर ते तेरा. जिंजाच्या गाभाऱ्यात बहुधा दर्शनाला मूर्ती नसते. तिथे देवाचं अस्तित्व मानायचं असतं, डोळ्यांनी पाहायचं नसतं.

दोन्ही एकाच आवारात दिसले तर गोंधळू नका. शतकानुशतकं शिंतो देव आणि बौद्ध देवता एकत्रच पुजल्या जात होत्या. १८६८ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून त्यांना वेगळं केलं. कागदावर वाटणी झाली, तरी लोक आजही नव्या वर्षी जिंजात जातात आणि अंत्यसंस्कार बौद्ध भिक्षूकडून करून घेतात.

दर्शनाची रीत

परदेशी पाहुण्याने प्रार्थना केलीच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. पण करायची असेल तर रीतीने करावी; शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंना त्याचा आनंद होतो.

तोरीखालून आत शिरताना किंचित मान झुकवा. वाटेच्या मधोमध चालू नका. मधली जागा देवाची मानतात. पुढे पाण्याचं कुंड लागेल. उजव्या हातात लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि डावा हात धुवा. मग हात बदलून उजवा हात धुवा. पुन्हा उजव्या हातात ओगराळं घेऊन डाव्या ओंजळीत पाणी घ्या आणि चूळ भरा. ओगराळ्याला तोंड लावायचं नाही आणि चूळ कुंडात टाकायची नाही, बाजूच्या दगडांवर हळूच सोडायची. डावा हात पुन्हा धुवून शेवटी ओगराळं उभं धरा, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तो पुढच्यासाठी स्वच्छ होतो. हे सगळं एका ओगराळ्याच्या पाण्यात होतं. करोनाच्या साथीनंतर बऱ्याच ठिकाणी ओगराळी काढून टाकली आहेत. तिथे बांबूच्या नळीतून पडणाऱ्या धारेखाली हात धुतले की झालं.

देवापुढे दानपेटीत नाणं अलगद सोडा. पाच येनचं भोकाचं नाणं शुभ मानतात. घंटेचा दोर असेल तर एकदा हलवा. मग कमरेतून दोनदा वाका, दोन टाळ्या वाजवा, हात जोडून मनातलं सांगा आणि शेवटी एकदा वाका. बहुतेक जिंजांत हीच पद्धत आहे. इझुमोच्या महाजिंजात मात्र चार टाळ्या वाजवतात. तेरात टाळ्या अजिबात वाजवायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे. तिथे आपल्याला वेगळं काही शिकावं लागत नाही.

गाभाऱ्याचे फोटो शक्यतो घेऊ नका; बऱ्याच ठिकाणी तशी पाटीच असते. शनिवार-रविवारी लाल छत्रीखालून चाललेली लग्नाची मिरवणूक दिसली तर वाट सोडून बाजूला उभं राहा.

देवळातून न्यायच्या गोष्टीही ठाऊक असाव्यात. ओमामोरी म्हणजे ताईत, कापडी पिशवीतला. ती पिशवी उघडायची नसते. एमा म्हणजे नवस लिहायची लाकडी पाटी. ती तिथेच टांगायची असते आणि मराठीत लिहिली तरी चालते. गोशुइन म्हणजे देवस्थानाचा लाल शिक्का आणि त्यावर कुंचल्याने लिहिलेली अक्षरं; साधारण ३०० ते ५०० येन देऊन मिळतात. त्यासाठी गोशुइन-चो ही घडीची वही पहिल्याच देवळात विकत घ्या. साधी डायरी पुढे करू नका, कारण ही दर्शनाची खूण आहे, स्वाक्षरी नव्हे. आधी दर्शन घ्यावं आणि मग शिक्क्याच्या रांगेत उभं राहावं.

टोकियो : तीन दिवस, तीन वस्त्या

पहिला दिवस असाकुसाचा. सेन्सो-जी हे टोकियोचं सर्वांत जुनं मंदिर. सुमिदा नदीत जाळं टाकणाऱ्या दोन भावांना ६२८ मध्ये कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची मूर्ती सापडली, अशी त्याची कथा आहे. कामिनारीमोन दरवाजात सुमारे चार मीटर उंचीचा लाल कंदील टांगला आहे. पुढे जाण्यापूर्वी त्याच्या बरोबर खाली उभं राहून वर पाहा. तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन दिसेल. गर्दी कंदिलाचा फोटो काढते आणि खालून निघून जाते.

मुख्य मंडपापाशी ओमिकुजी, म्हणजे नशिबाची चिठ्ठी काढता येते. १०० येन टाकायचे, धातूचा डबा उलटा करून हलवायचा आणि छोट्या भोकातून बाहेर आलेल्या काडीवरचा आकडा पाहायचा. त्याच आकड्याचा खण भिंतीवरच्या कपाटात शोधून त्यातला कागद घ्यायचा. इंग्रजी मजकूरही असतो. असाकुसाच्या चिठ्ठ्यांत अशुभ निघण्याचं प्रमाण बरंच आहे, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. तो कागद तिथल्याच तारेला बांधला की अशुभ तिथेच राहतं असं मानतात.

शेजारच्या असाकुसा जिंजात मूर्ती सापडलेल्या त्या भावांची आणि ती ओळखून पुजणाऱ्या गावप्रमुखाची पूजा होते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात सेन्सो-जीचा मुख्य मंडप जळाला, पण १६४९ ची ही जिंजा वाचली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस इथे सान्जा मात्सुरी हा उत्सव असतो.

तिथून नदीच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की मात्सुचियामा शोदेन नावाचं लहानसं मंदिर लागतं. मराठी माणसाने ते चुकवू नये. इथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध परंपरेतून जपानला पोहोचलेला आपला गणपती. मूर्ती गुप्त असते, दर्शनाला खुली नसते. नैवेद्य मोदकांचा नाही, पांढऱ्या मुळ्याचा. आवारातच मुळे विकत मिळतात, लोक ते देवापुढे ठेवतात, आणि वाहिलेल्यांतले मुळे प्रसाद म्हणून भाविकांना घरी नेता येतात. मुळा आणि पैशाची थैली ही इथली चिन्हं. पायऱ्यांवर, कंदिलांवर, भिंतींवर ती शोधत फिरा. एकदा ही ओळख पटली की इतर भारतीय देवही भेटत जातात. उएनोच्या तळ्यातल्या देवळातली बेनझाइतेन ही सरस्वती आणि शिबामाताचा ताइशाकुतेन हा इंद्र.

दुसरा दिवस मेइजी जिंगू आणि हाराजुकूचा. सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांच्या स्मरणार्थ १९२० मध्ये ही जिंजा उभी राहिली. भोवतीचं सुमारे ७० हेक्टरांचं जंगल नैसर्गिक वाटतं, पण ते माणसांनी लावलेलं आहे. देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडं भेट दिली आणि पुढे ती आपोआप वाढत राहतील अशा बेताने लावली गेली. दरवाजे सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला बंद होतात. सकाळी आठच्या आत जा. वाटेत एका बाजूला साकेची पिंपं आणि समोर फ्रान्सहून आलेली वाइनची पिंपं रचलेली दिसतील. बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे ताकेशिता-दोरी ही तरुणाईची गल्ली. तिथून ओमोतेसान्दो या झाडांच्या रुंद रस्त्याने शिबुयापर्यंत चालत जाता येतं.

तिसरा दिवस यानाकाचा. १९२३ चा भूकंप आणि महायुद्धातले बॉम्ब या दोन्हींतून हा भाग बराचसा वाचला. त्यामुळे लाकडी घरं, अरुंद गल्ल्या आणि दर चार पावलांवर लहान मंदिर असं जुनं टोकियो इथे अजून आहे. निप्पोरी स्टेशनला उतरून दफनभूमीतून चालायला लागा. थडग्यांमागे उभ्या केलेल्या उंच लाकडी फळ्यांकडे नीट पाहा. त्यांवर काळ्या शाईने सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं लिहिलेली असतात. वरून खाली ख, ह, र, व, अ. म्हणजे आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. बौद्ध भिक्षूंबरोबर भारतातून चीनमार्गे गेलेली ही लिपी भारतात वापरातून गेली, पण जपानच्या दफनभूमीत आजही हाताने लिहिली जाते. पुढे यानाका गिन्झा ही छोटी बाजारपेठ आहे आणि वीस मिनिटांच्या अंतरावर १७०६ ची नेझू जिंजा. तिथे लाल तोरींची छोटी रांग आहे आणि एप्रिलमध्ये अझेलियाची फुलं.

क्योटो आणि नारा

फुशिमी इनारीच्या हजारो तोरी सगळ्यांनी फोटोत पाहिलेल्या असतात. ७११ मध्ये स्थापन झालेलं हे इनारीचं मूळ स्थान. इनारी हा भाताच्या पिकाचा आणि पुढे व्यापाराचा देव. कोल्हा हा त्याचा दूत आहे, देव नव्हे. कोल्ह्याच्या तोंडात कुठे धान्यकोठाराची किल्ली दिसेल, कुठे मणी. प्रत्येक तोरी कुणा भाविकाने किंवा कंपनीने वाहिलेली आहे. वर चढताना खांब कोरे दिसतात. मागे वळून पाहिलंत की त्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली दिसते.

आवार चोवीस तास उघडं असतं आणि प्रवेश मोफत आहे, म्हणून सकाळी सातच्या आत पोहोचा. क्योटो स्टेशनहून जेआर रेल्वेच्या नारा लाइनवर दुसरंच स्टेशन इनारी. डोंगर २३३ मीटरचा आहे आणि पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात. गर्दी पहिल्या अर्ध्या तासाच्या चढावरच असते. योत्सुत्सुजी या चौकापर्यंत चढलात तर खाली शहर दिसतं. त्यापुढच्या वाटेवर लहान-लहान देवळ्या आणि स्थानिक भाविक एवढंच उरतं.

क्योटोच्या गिऑन वस्तीत मात्र जपून वागा. पर्यटकांनी गेइको (क्योटोतल्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइशा) यांना अडवून, किमोनोला हात लावून फोटो काढले, त्याला रहिवासी कंटाळले. २०२४ पासून तिथल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेश बंद आहे आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्या आहेत. मुख्य रस्त्यावरून चाला. कामावर निघालेल्या बाईला वाट द्या.

महिन्याच्या २१ तारखेला क्योटोत असाल तर तो-जीच्या आवारातला आणि २५ तारखेला असाल तर कितानो तेन्मान्गूतला जुना बाजार गाठा. कितानोचा देव विद्येचा. परीक्षेच्या आधी विद्यार्थी तिथे रांगा लावतात.

नाराला एक पूर्ण दिवस द्या. तोदाइ-जीतल्या महाबुद्धाच्या मूर्तीचं नेत्रोन्मीलन ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूने केलं होतं. हरणं ही कासुगा देवाची दूत मानली जातात. त्यांना तिथे मिळणाऱ्या खास बिस्किटांखेरीज काही देऊ नका आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हरणांच्या तोंडापासून लांब ठेवा.

रोजच्या वावरातलं

पत्ता शोधण्याची पद्धत वेगळी आहे. बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. पत्ता विभाग, उपविभाग, घरांचा गट आणि घर अशा क्रमाने जातो. फोनवरचा नकाशा बहुधा पुरतो. अडलात तर चौकातल्या कोबानमध्ये, म्हणजे पोलिसचौकीत विचारा. हरवलेली वस्तूही आधी तिथेच विचारावी. पासपोर्ट कायम जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९.

स्थानिक गाड्यांसाठी सुइका, पास्मो किंवा इकोका यांपैकी एक कार्ड घ्या. ते दुकानांत आणि पेयांच्या मशीनवरही चालतं. देशभर चालणारा जेआर पास आता सरसकट फायद्याचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो शिन्कान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका वेळचं भाडं साधारण १४,००० येन आहे, तेव्हा आपला हिशेब करूनच पास घ्या. मोठ्या बॅगा ताक्युबिन सेवेने पुढच्या हॉटेलात पाठवता येतात. बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतात.

गाडीत फोनवर बोलत नाहीत. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे. रस्त्यावर कचराकुंड्या फारशा नसतात, म्हणून पाठपिशवीत एक रिकामी पिशवी ठेवा. टिप देत नाहीत. पैसे हातात न देता गल्ल्यावरच्या छोट्या तबकात ठेवतात. देवळं आणि छोटी हॉटेलं यांसाठी रोख रक्कम जवळ हवीच. आणि विजेचं लक्षात ठेवा : तिथे १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचं सॉकेट असतं.

तातामीवर, म्हणजे गवती चटईवर चप्पल किंवा स्लीपर घालून पाऊल टाकू नका. संडासाच्या स्लीपर वेगळ्या असतात. त्या घालून खोलीत येऊ नका. जोडे दिवसातून अनेकदा काढावे लागतात, म्हणून न फाटलेले मोजे आणि पटकन निघणारे बूट न्या.

वस्ती खरी कळायची असेल तर संध्याकाळी सेन्तोत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात जा. टोकियोत साधारण ५५० येन लागतात. पुरुष आणि बायकांचे विभाग वेगळे असतात आणि आत कपडे घालत नाहीत. आधी नळापाशी छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, साबण पूर्ण धुवायचा आणि मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. केस बांधा आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका. सुरुवातीला संकोच वाटतो, पण दोन मिनिटांत लक्षात येतं की कुणीही आपल्याकडे पाहत नाही.

शाकाहारी असाल तर

शाकाहाऱ्यांची अडचण मांसाची कमी आणि दाशीची जास्त असते. दाशी म्हणजे बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचं सार. मिसो सूप, उदोनचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, टोफूवरचा सॉस, सगळीकडे ते असतं. म्हणून “मांस नको” एवढं पुरत नाही. “निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशी मो दामे देसु” हे वाक्य पाठ करा किंवा जपानी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा : मांस आणि मासे खाता येत नाहीत, दाशीही चालत नाही.

कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानांत उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, फळं, दही, सुकामेवा मिळतो. ब्रेड आणि बिस्किटांत प्राण्यांची चरबी असू शकते, तेव्हा वेष्टनाचा फोटो काढून भाषांतर करून पाहा. सगळ्यांत निश्चिंत जेवण म्हणजे मठांतलं शोजिन र्‍योरी. त्यात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही नसतो. कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्रातल्या मठांत मुक्कामाला राहिलात तर रात्रीचं आणि सकाळचं असं जेवण मिळतं आणि पहाटेच्या प्रार्थनेला बसताही येतं. टोकियोत वरण-भाताची आठवण झालीच तर निशी-कासाइला जा. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आणि किराणा दुकानं आहेत. निशी-कासाइ ज्यात येतं त्या एदोगावा विभागाच्या स्थानिक सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते.

आखणी करताना

मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात साकुराची, म्हणजे चेरीच्या बहराची, आणि नोव्हेंबर रंगलेल्या पानांचा. दोन्ही काळ सुंदर, पण महाग आणि गर्दीचे. २९ एप्रिल ते ५ मेच्या सुट्ट्या आणि ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन, म्हणजे पितरांचा सण, टाळा, कारण तेव्हा अख्खा जपान प्रवासात असतो. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो.

पहिल्यांदा जात असाल तर सात दिवसांसाठी दोनच मुक्काम ठेवा. टोकियोत चार दिवस : असाकुसा, मेइजी जिंगू, यानाका आणि चौथा दिवस हॉटेलाजवळच्या एखाद्या अनोळखी वस्तीसाठी मोकळा. क्योटोत तीन : फुशिमी इनारी, नारा आणि एक दिवस कितानो तेन्मान्गूच्या बाजूला. हिरोशिमा, फुजी, ओसाका पुढच्या खेपेला. पैसे खर्चून एवढ्या लांब गेल्यावर काही सोडून यायला जीव धजत नाही, हे मला कळतं. तरीही सोडा. सहा शहरं धावत पाहिलेल्यापेक्षा तीन वस्त्यांत निवांत चाललेला माणूस जपानविषयी अधिक सांगू शकतो, आणि पुन्हा जायचं कारणही त्याच्यापाशी असतं.